गोव्यात कुत्रं पाळायचंय? रस्त्यावरचं घ्यायचं की ब्रीडचं, आणि घेतल्यावर काय काय करायचं

पावसाळा ओसरला की मला दोन प्रकारचे फोन यायला लागतात. पहिला असा की, अगं मुलं मागे लागलीत, लॅबचं, म्हणजे लॅब्राडोरचं, चांगलं पिल्लू कुठे मिळेल? आणि दुसरा, तीन वर्षांचा हस्की आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर्स आहेत, आम्ही बंगलोरला शिफ्ट होतोय, कोणी घेईल का बघ ना. या दोन्ही लोकांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी असं दर वेळी वाटतं पण तसं होत नाही, कारण पहिल्याला पिल्लूच हवं असतं आणि दुसऱ्याकडे पिल्लू राहिलेलं नसतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू, म्हणजे पुढच्या वेळी लिंक टाकून मोकळी.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. पहिल्यांदाच कुत्रं पाळत असाल तर पिल्लू घेऊ नका, देशीही नाही आणि ब्रीडचंही नाही. दीड-दोन वर्षांचं, जमल्यास तुमच्याच वाड्यावरचं म्हणजे वस्तीतलं, ज्याचा स्वभाव तुम्ही रोज बघताय असं मोठं कुत्रं घ्या. पिल्लू पुढे कसं होणार हे कोणीच सांगू शकत नाही, ब्रीडर तर मुळीच नाही. मोठं कुत्रं मात्र जसं आहे तसं समोर असतं, मुलांना घाबरतं का, मांजरीच्या मागे धावतं का, स्कूटरवर भुंकतं का, सगळं दिसतं. देशी की ब्रीड हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या नंबरचा आहे.

आधी घराचा हिशोब करा

कुत्र्याचा नंतर. घरात रिकामा वेळ कोणाकडे आहे, सकाळी साडेसहाला पाऊस कोसळत असताना त्याला बाहेर कोण नेणार, घरी कोणाला दमा आहे का, भाड्याचं घर असेल तर मालकाने लेखी होकार दिलाय का (तोंडी होकार पहिल्या खरचटलेल्या दरवाजापर्यंतच टिकतो), चतुर्थीला सगळे गावच्या घरी जाता तेव्हा ते कुत्रं तिथे चालणार आहे का. हे सगळं घरच्यांसमोर बसून बोला. आणि घरातल्या ज्या व्यक्तीला कुत्रं नकोय तिचं ऐका, कारण दुपारी घरी बहुतेक तीच असते.

आता गोव्यातला खरा प्रश्न, गेटचा. आपल्याकडे जुन्या घरांना कंपाउंड असतं पण गेट नसतं, किंवा गेट असतं पण ते फक्त गाडी आत घेताना बंद होतं. मग काय होतं की कुत्रं घरचं म्हणून ठेवलं जातं, बल्कांवात (पुढच्या ओसरीत) झोपतं, दुपारी भात खातं आणि रात्री गावभर फिरतं. कोणी विचारलं की आमचाच आहे, आणि पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या सायकलमागे धावून त्याची पोटरी धरली की छे, तो तर रस्त्यावरचा. हा जो अर्धवट पाळण्याचा प्रकार आहे ना, गोव्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तो आहे असं माझं मत. या कुत्र्यांची नसबंदी होत नाही कारण पकडायला गाडी येते तेव्हा मालक सांगतो आमचं आहे, आणि मालक स्वतः करून घेत नाही कारण खर्च. मग कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, त्रेसष्ट दिवसांत पिल्लं, आणि ती पिल्लं मार्केटच्या कोपऱ्यावर खोक्यात.

तर पहिली स्टेप म्हणजे गेट. आतून कडी, खालची फट जाळीने किंवा चिरे लावून बंद. मागच्या भाटाच्या (माडांच्या बागेच्या) बाजूला कुंपण नसेल तर निदान एक भाग तरी जाळीने बंदिस्त करून घ्या. हे जमणार नसेल तर कुत्रं घरात घेऊ नका, त्यापेक्षा आहे तिथेच त्याला रोज खायला घाला, लस द्या, नसबंदी करून घ्या. तेही चांगलंच काम आहे. २०२३ च्या ॲनिमल बर्थ कंट्रोल नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच्या मूळ जागीच परत सोडायचं असतं.

देशी की ब्रीड, गोव्याच्या हवेत

इथे मी थोडी सडेतोड बोलणार आहे, कोणाला लागलं तर लागू दे. हस्की, सेंट बर्नार्ड, चाऊ चाऊ ही कुत्री गोव्यात आणणं म्हणजे मे महिन्यात एखाद्याला स्वेटर घालून बीचवर बसवणं. त्यांना दुहेरी कोट असतो, आतली लोकर आणि वरचे लांब केस. बरेच जण उन्हाळ्यात तो पूर्ण भादरून टाकतात, तेही चूक, कारण तोच कोट त्यांना उन्हापासूनही वाचवतो आणि परत नीट उगवेलच असं नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि हवेतच ओल असेल तर धापांचा उपयोग कमी होतो. आपल्याकडे तापमान पस्तीसच असेल पण दमटपणा बघा. म्हणूनच चपट्या नाकाची कुत्री, पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर, यांना इथे जास्त त्रास होतो, मुळात श्वासाची वाटच अरुंद. दुपारच्या वीस मिनिटांच्या फिरण्यातही पगला उष्माघात होऊ शकतो.

लॅब आणि गोल्डन हवेच्या बाबतीत बरे, पण लॅबला भूक संपतच नाही, आणि आपल्याकडे पाहुण्यांनी घास द्यायची पद्धत, त्यामुळे पाचव्या वर्षी टेबलासारखी पाठ. वर खुब्याच्या सांध्याचा त्रास, ज्याला हिप डिस्प्लेझिया म्हणतात, तो लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये बराच आढळतो. कॉकर स्पॅनियलचे लोंबते कान पावसाळ्यात ओले राहून सतत कुजतात, अक्षरशः वास येतो. डॉबरमनला हृदयाच्या स्नायूंचा आजार होण्याचं प्रमाण जास्त. बीगल हवेला चालतो पण वासामागे पळणारा शिकारी कुत्रा तो, गेट उघडं मिळालं की गेलाच.

देशी, ज्याला आता सगळे इंडी म्हणतात, त्याचा कोट आखूड, नाक लांब, अंग सडपातळ, कान उभे म्हणजे हवा खेळती. पिढ्यान् पिढ्या याच हवेत जे टिकलं तेच उरलं. पण याचा अर्थ देशी कुत्रं आजारी पडत नाही असा अजिबात नाही, हा एक फार मोठा गैरसमज आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे आजार, गोचिडीमुळे होणारा टिक फीवर, यांनी देशी पिल्लं इतकी मरतात की आपल्याला दिसतात ती फक्त वाचलेली. घरी आणलं की त्यालाही सगळ्या लसी, सगळी औषधं, तितकाच खर्च. फुकट मिळालं म्हणून स्वस्तात पडेल असं समजू नका. पिल्लाची किंमत हा एकूण खर्चातला तसा छोटाच भाग असतो, पुढची बारा-चौदा वर्षं जेवण, गोचिडीची गोळी आणि डॉक्टर हाच खर्च.

स्वभावाचं म्हणाल तर देशी कुत्रं हुशार असतं पण लॅबसारखं सगळ्यांना खूश करायला धडपडत नाही. बोलावलं की येईल, पण आधी विचार करेल. राखण करतं, भुंकतं, आणि अनोळखी माणसाला लगेच हात लावू देत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि लिफ्टमध्ये रोज नवीन टुरिस्ट भेटणार असतील तर याचा विचार करा.

आणि भारतीय ब्रीडही आहेत हो, मुधोळ हाउंड, आपल्या महाराष्ट्रातला कारवान, तमिळनाडूचे राजापलयम आणि चिप्पीपराई. दिसायला देखणे, हवेला योग्य, पण मुधोळ, कारवान आणि चिप्पीपराई ही तर धावायलाच जन्मलेली कुत्री. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवणार असाल तर नको.

ब्रीडचंच हवं असेल तर

हरकत नाही, पण आधी दत्तक बघा. गोव्यात सोडून दिलेली ब्रीडची कुत्री कमी नाहीत. लोक दोन वर्षं रिमोट काम करायला येतात, कुत्रं घेतात आणि जाताना सोडून जातात. असोळणे असो की आसगाव, ही कहाणी सगळीकडे ऐकायला मिळते. आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू, शिवोलीला वेल्फेअर फॉर ॲनिमल्स इन गोवा, दक्षिणेत कुडचड्याला गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट, यांच्याकडे आधी चौकशी करा. तिथे देशीही मिळतील, मिक्सही, आणि कधीमधी पेपरवाला लॅबसुद्धा.

ब्रीडरकडूनच घ्यायचं ठरलं तर या गोष्टी बघा, आणि यातली एक जरी जमली नाही तरी परत फिरा.

आई बघायला मिळाली पाहिजे, त्याच जागी, पिल्लांसोबत. 'आई फार्मवर आहे', 'आई आत्ता झोपलीय' अशी उत्तरं मिळाली की समजायचं. आई बुजरी किंवा चावरी असेल तर पिल्लू कितीही गोड असलं तरी नको. २०१७ च्या डॉग ब्रीडिंग नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तर नोंदणी मागा, लाजू नका. महिन्याचं पिल्लू 'लवकर लळा लागतो' म्हणून गळ्यात मारतात, प्रत्यक्षात उलट होतं, आईपासून आणि भावंडांपासून लवकर तुटलेलं पिल्लू दात किती जोरात लावायचे हेच शिकत नाही.

केसीआय सर्टिफिकेटचं लोकांना फार अप्रूप. तो कागद वंशावळ सांगतो, म्हणजे आईबाप कोण, आजीआजोबा कोण. तब्येतीबद्दल त्यात एक अक्षर नसतं. मोठ्या ब्रीडसाठी आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा, ब्रीडर कसा बघतो ते बघा. ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवू नका, बसने पार्सल येणारं पिल्लू तर नकोच नको.

पिटबुल आणि रॉटवायलरचा विचार डोक्यातून काढून टाका. चावण्याच्या घटनांनंतर २०२५ मध्ये गोवा सरकारने या जातींवर बंदी आणायचा निर्णय घेतला. आधीच घरी असेल तर पशुसंवर्धन खात्यात जाऊन सध्या नियम काय आहे ते विचारून घ्या.

रस्त्यावरचं कुत्रं कसं निवडायचं

हा भाग सगळ्यात मजेचा आहे आणि घाई केली तर सगळ्यात घातकही. ज्या कुत्र्यावर नजर आहे त्याला दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या वेळी बघा. सकाळी पोदेर येतो तेव्हा, दुपारी शाळा सुटते तेव्हा, रात्री एखादी स्कूटर जाते तेव्हा. खायला घालताना दुसरं कुत्रं जवळ आलं तर काय करतं? गुरगुरून गप्प बसणारं चालेल, धावून फाडणारं नको. जवळ गेल्यावर अंग सैल, शेपटी मध्यावर हलती, तोंड थोडं उघडं, हे चांगलं. शेपटी पायात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटतंय, म्हणजे घाबरलंय, अजून वेळ द्या. ताठ उभं राहून एकटक बघत असेल तर हात पुढे करू नका.

कानाला छोटा कट दिसला तर नसबंदी झालीय असं समजायचं. आधीच कोणाचं आहे का हे वाड्यावर विचारा, अगदी घरोघर. बीच शॅकवरच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर नक्की विचारा, कारण सीझनमध्ये त्याला खायला घालणारे दहाजण असतात, जूनमध्ये शॅक उतरली की कोणी नसतं, आणि नेमकी तेव्हाच त्याला घरी न्यायची चांगली वेळ असते. टोळीतलं सगळ्यात दादागिरी करणारं कुत्रं घेऊ नका, आणि सगळ्यात घाबरटही नको, मधलं बघा. आठ-नऊ वर्षं रस्त्यावर काढलेल्या म्हाताऱ्याला एकदम घरात कोंडू नका, त्याला त्याची जागा प्यारी असते, तिथेच त्याची सोय करा.

पिल्लूच घ्यायचं असेल तर आईसोबत किमान आठ आठवडे राहू द्या, मात्र त्या काळात रोज जाऊन हाताळा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू माणसं, आवाज, गाड्या हे सगळं नॉर्मल आहे असं शिकतं. या एका बाबतीत बाजारातलं देशी पिल्लू पिंजऱ्यात वाढलेल्या महागड्या पिल्लाच्या कितीतरी पुढे असतं, त्याने बस, गाय, छत्री, सगळं बघितलेलं असतं.

घरी आणायचा दिवस आणि व्हेट

मोठ्या कुत्र्याला आधी बाहेरच पट्ट्याची सवय लावा. गळपट्टा सुटतो, घाबरलं की कुत्रं मान मागे ओढून पळतं, म्हणून छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोरी दोन्हीला. फटाके किंवा पाहुणे असलेला दिवस निवडू नका. घरी नेण्याआधी सरळ व्हेटकडे, म्हणजे गोचिडी आणि खरूज घरात शिरणार नाहीत. पणजीजवळ टोंकाला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तालुक्यांच्या ठिकाणीही सरकारी दवाखाने आहेत, पण सोनोग्राफी, एक्स-रे वगैरे लागलं तर खासगीत जावं लागू शकतं, त्यामुळे रात्री कोण उघडं असतं हे आधीच माहीत करून ठेवा.

पहिल्या भेटीत हे करून घ्या. वजन, ताप (कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हाताला गरम लागलं म्हणून क्रोसिन देऊ नका, पॅरासिटॅमॉल कुत्र्याला विषारी ठरू शकतं). ब्लड टेस्टमध्ये प्लेटलेट्स आणि टिक फीवर. जंताचं औषध. त्वचा खरवडून तपासणी, कारण रस्त्यावरच्या कुत्र्याला खरूज असण्याची शक्यता बरीच. लघवीच्या जागी रक्त येत असेल किंवा फुलकोबीसारखी गाठ दिसत असेल तर ती संसर्गाने पसरणारी गाठ असू शकते, ऐकायला भयंकर पण केमोच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, त्यामुळे त्या कारणाने कुत्रं नाकारू नका.

लसी: मोठ्या कुत्र्याला डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टोची एकत्र लस, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, आणि रेबीज. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीज तिसऱ्या महिन्यात. लसींचा कोर्स होईपर्यंत पिल्लाला बीचवर किंवा रस्त्यावर खाली सोडू नका, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, आधी कोणाचं पिल्लू पार्व्होने गेलेलं घर असेल तर तिथे नवीन पिल्लू आणूच नका.

रेबीजबद्दल थोडं सविस्तर, कारण लोकांना सगळ्यात जास्त भीती याचीच. गोव्याने या बाबतीत खरंच चांगलं काम केलंय. मिशन रेबीज या संस्थेच्या टीम सरकारसोबत २०१४ पासून वाड्यावाड्यावर फिरून फुकट लसी देतात, तुमच्या घरच्या कुत्र्यालाही देतात, रस्त्यावरच्याला जाळीने पकडून लस देऊन डोक्यावर रंग लावतात म्हणजे दुसऱ्या दिवशी परत तोच पकडला जात नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पण शेजारच्या राज्यांतून कुत्री येत राहतात, त्यामुळे लस चुकवायची नाही. आणि कोणालाही चावलं, अगदी पिल्लाचा दात लागला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी हॉस्पिटल. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

नसबंदी साधारण सहा महिन्यांनंतर, मोठ्या आणि जड ब्रीडमध्ये थोडी उशिरा, व्हेटला विचारून. 'एकदा पिल्लं होऊ दे, मग करू' याला कुठलाही वैद्यकीय आधार नाही, आजी सांगते म्हणून करू नका.

पहिले पंधरा दिवस

काहीही करू नका, हाच सल्ला. पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, मिठ्या मारू नका. एक कोपरा द्या, पाणी, जुनी चादर. रस्त्यावरून आलेलं कुत्रं पहिले काही दिवस नुसतं झोपतं, आयुष्यात पहिल्यांदा सलग झोप मिळालेली असते. काही जण जेवत नाहीत, काही अधाशासारखं खातात. फरशीवर पाय घसरतात म्हणून घाबरतात, पंख्याला घाबरतात, जिना माहीत नसतो. पार्व्हो किंवा डिस्टेंपर आधीच अंगात असेल तर लक्षणं बहुतेक याच दिवसांत दिसतील, म्हणजे उलटी, रक्ताचे जुलाब, नाकातोंडातून चिकट पाणी, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

शी-शूचं देशी मोठी कुत्री आश्चर्यकारक लवकर शिकतात, झोपायच्या जागी घाण करायची नाही हे त्यांना माहीतच असतं. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या, केलं की लगेच शाबासकी. आत झालं तर ओरडू नका, नाक त्यात घासू नका. गेटबाहेर मात्र पहिले काही महिने पट्ट्याशिवाय नाहीच, कितीही प्रेमळ झालं असलं तरी. त्याची जुनी टोळी बाहेर असते, हाक आली की जाणार.

गोचिडी

गोव्यात कुत्रं पाळणं म्हणजे गोचिडींशी आयुष्यभराचं वैर. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच अख्खं आयुष्य काढू शकते, हे लोकांना माहीतच नसतं. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते, आणि आपल्या चिऱ्याच्या भिंतींना फटी किती असतात ते सांगायला नको. म्हणजे कुत्र्यावरच्या गोचिडी वेचून उपयोग नाही, घरही साफ करावं लागतं. फटी बुजवा, कुत्र्याची चादर दर आठवड्याला उकळत्या पाण्यात, झोपायच्या जागेवर वॅक्यूम.

कुत्र्यासाठी आता चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर चालतात, काही तीन महिने. महाग वाटतात पण टिक फीवरच्या एका फेरीपेक्षा स्वस्त. फिट येणाऱ्या कुत्र्याला देण्याआधी व्हेटला सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेला स्प्रे किंवा स्पॉट-ऑन कुत्र्यावरही वापरू नका, मांजर मरू शकतं. आणि दुकानदार देतो ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने नको, कोली जातीच्या आणि त्यांच्या मिक्स कुत्र्यांना ते जिवावर बेततं.

टिक फीवर म्हणजे एर्लिकिया किंवा बाबेसिया. कुत्रं एकदम गप्प होतं, जेवण सोडतं, ताप, हिरड्या पांढुरक्या, कधी नाकातून रक्त. लघवी कॉफीसारखी झाली तर बाबेसिया समजून धावा. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो आणि कुत्रं तिसऱ्या दिवशीच बरं दिसायला लागतं, तिथेच लोक गोळ्या बंद करतात आणि दोन महिन्यांनी परत तेच. कोर्स पूर्ण करा.

जेवण

शीत-कडी, म्हणजे आपला भात-आमटी, कुत्र्याचं जेवण नाही, कितीही आवडीने खाल्ली तरी. कांदा, लसूण, मिरची, मीठ सगळं त्यात. उकड्या तांदळाची पेज किंवा भात चालेल, पण सोबत अर्धाअधिक चिकन, अंडं किंवा उकडलेला बांगडा-तारली हवी, काटे काढून. शिजवलेली हाडं कधीच नाही, ती फुटून आतडं फाडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोष्टी विषारी. नुसतं घरचं घालणार असाल तर कॅल्शियमचं व्हेटशी बोला, पिल्लू असेल तर नक्कीच. पाकीटबंद खाऊ उघडं ठेवलं की पावसात बुरशी धरते, हवाबंद डब्यात.

पावसाळा, साप, चतुर्थी

जून ते सप्टेंबर साचलेल्या पाण्यात कुत्र्याला जाऊ देऊ नका, उंदरांच्या मूत्रातून लेप्टो होतो आणि तो कुत्र्यापासून माणसालाही होतो. लस दर वर्षी. फिरून आलं की पायाची बोटं आणि कान पुसून कोरडे. बेडूक तोंडात धरून फेस आला तर पाण्याने तोंड धुवा, पाणी घशात जाऊ न देता.

सापाचं गंभीर आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही इथे आहेत आणि राखण करणारं कुत्रं सापाला हुंगायला पहिलं जातं. नाक किंवा पाय अचानक सुजला, चालताना झोकांड्या, लाळ, तर आवळून काही बांधू नका, चिरू नका, उचलून गाडीत. माणसाला देतात तेच अँटीवेनम कुत्र्याला चालतं, पण ते कुठल्या व्हेटकडे असतं हे मे महिन्यातच फोन करून विचारून ठेवा.

चतुर्थीचे फटाके, नरकासुराच्या रात्रीचा तो दणका, शिगम्याचे ढोल, या दिवसांत सगळ्यात जास्त कुत्री हरवतात. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू, गळ्यात फोन नंबरची पट्टी. फारच घाबरत असेल तर व्हेटकडून आठवडाभर आधी औषध, ऐनवेळी नाही.

कागदपत्रं आणि शेजारी

पालिका किंवा पंचायतीत कुत्र्याच्या नोंदणीचं विचारा, लसीचं कार्ड लागतं. मायक्रोचिप बसवून घ्या, हरवल्यावर आपलं आहे हे सिद्ध करायला उपयोगी पडते. सोसायटीवाले नियम दाखवायला लागले तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना दाखवा, कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. पण त्याच सूचनेत मालकाने काय करायचं तेही आहे, घाण उचलणं वगैरे, तर खिशात पिशवी ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आणि नाहीच जमलं तर? होतं असं, लाज वाटून घेऊ नका. पण दुसऱ्या गावात नेऊन सोडायचं नाही. अनोळखी टोळी त्याला फाडते, आणि पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पहिल्या महिनाभरात असेल आणि कुत्रं तुमच्याच वाड्यावरचं असेल, नसबंदी आणि लस झालेली असेल, तर त्याच्या मूळ जागी परत सोडून रोज खायला घाला. सहा महिने घरात राहिलेल्याला मात्र रस्ता झेपत नाही, त्याच्यासाठी दुसरं घर शोधा, तोवर आपल्याकडेच ठेवा. शेल्टरच्या गेटला बांधून पळू नका, तिथे आधीच गर्दी असते, आधी फोन करा, फोटो, लसीचं कार्ड आणि खरा स्वभाव लिहून पाठवा. चावत असेल तर चावतं असंच लिहा.